घंगाळाखालचं लिंबू

ठण्ण.

फार वर्षांपूर्वीचा आवाज आहे हा. शेवंताकाकूंच्या मोरीत झाला होता. अजून कानात आहे.

काय झालं होतं, सांगू?

एक होती उंदरी. एवढीशी. नखाएवढी. म्हणून तिचं नाव नखुली.

नखुलीची आई तापातून उठली होती. बिळात बसून होती. पण जेवत नव्हती.

नखुलीनं भात आणला. आईनं मान हलवली.

नखुलीनं भाकरीचा तुकडा आणला. आईनं तोंड फिरवलं.

"तोंडाला चवच नाही गं," आई म्हणाली. "भातावर लिंबू पिळलेलं असतं, तर दोन शितं खाल्ली असती."

एवढंच ना? नखुली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

परसात होती लिंबोणी. खाली पडलं होतं लिंबू. पिवळं पिवळं. नखुलीपेक्षा मोठं.

नखुलीनं ते नाकानं ढकललं. गडगड.

पायानं ढकललं. गडगड, गडगड.

मग आला मोरीचा उतार. लिंबू सुटलं. गडगड, गडगड, गडगड.

मोरीत होतं तांब्याचं घंगाळ. आंघोळीच्या पाण्याचं, मोठं थोरलं. भिंतीला टेकून उभं होतं. लिंबू गेलं त्याच्या खाली. घंगाळ डुगडुगलं आणि पडलं पालथं.

ठण्ण.

लिंबू आत. नखुली बाहेर.

नखुली म्हणाली,

"घंगाळदादा, घंगाळदादा, ऐक ना.
लिंबू मिळेना,
आई जेवेना.
जरा सरक ना."

घंगाळ म्हणालं, "नाही सरकत. बघ माझं अंग. किती काळं पडलंय. असं तोंड घेऊन कुठे जाऊ? शेंडीला सांग मला घासायला. लखलखलो की सरकेन."

नखुली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मोरीच्या कोपऱ्यात होती नारळाची शेंडी. भांडी घासायची. केस पिंजारून बसली होती.

"शेंडीबाई, शेंडीबाई, ऐक ना.
घंगाळ सरकेना,
लिंबू मिळेना,
आई जेवेना.
घंगाळ घास ना."

शेंडी म्हणाली, "मी एकटी कशी घासू? मला हात आहेत का पाय? काकू हातात घेतील तेव्हा घासेन. खसाखसा."

नखुली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेवंताकाकू बसल्या होत्या मागच्या पायरीवर. नुकतेच बांगडे साफ करून झाले होते.

"काकू, काकू, ऐका ना.
शेंडी घासेना,
घंगाळ सरकेना,
लिंबू मिळेना,
आई जेवेना.
शेंडी हातात घ्या ना."

काकू म्हणाल्या, "कोण बोलतंय? अच्छा, तू होय. माझे पापड कुरतडणारी ती तूच ना?"

"पापड मी नाही," नखुली म्हणाली. "पापड मामानं."

"मामाला सांग, शेवंता वाट बघतेय म्हणावं. आणि शेंडी कशी घेऊ बाई? ही भुरी बघ. माझा हात चाटत बसलीय. सोडेल तर शपथ. हिला आधी हलव."

भुरी म्हणजे मांजर.

मांजर!

नखुली दाराआड गेली. शेपटी पोटाशी धरली. अगदी हळू म्हणाली,

"भुरीमावशी, भुरीमावशी, ऐका ना.
काकू शेंडी घेईना,
शेंडी घासेना,
घंगाळ सरकेना,
लिंबू मिळेना,
आई जेवेना.
जरा हला ना."

भुरीनं एक डोळा उघडला. "एरवी तुला खाल्लं असतं. पण आज हाताला बांगड्याचा वास आहे. तो सोडून उंदरामागे कोण धावतंय? वास गेला की मी जाते. त्यालाच विचार."

चट, चट. भुरी परत चाटायला लागली.

वास बसला होता काकूंच्या बोटांवर. ऐटीत. पायावर पाय टाकून.

"वासोबा, वासोबा, ऐक ना.
भुरी हलेना,
काकू शेंडी घेईना,
शेंडी घासेना,
घंगाळ सरकेना,
लिंबू मिळेना,
आई जेवेना.
जरा जा ना."

वास म्हणाला, "पाण्यानं मी जात नाही. मातीनं मी जात नाही. मला लिंबू चोळलं तरच जातो. आण लिंबू."

"पण लिंबू तर घंगाळाखाली आहे."

"मग मी आहे इथेच," वास म्हणाला. आणि अजून ऐसपैस बसला.

आता काय करायचं?

नखुली केळीखाली जाऊन बसली. डोळ्यांत पाणी आलं. आई तिकडे उपाशी. लिंबू इकडे अडकलेलं. आणि सगळ्यांना आधी दुसराच कुणी हवा.

"शुक् शुक्," कुणीतरी म्हणालं. "रडतेस का गं?"

नखुलीनं पाहिलं. लिंबाची साल होती. पिळलेली. अर्धी. वाटीसारखी.

"तू लिंबू?" नखुलीनं विचारलं.

"होते. सकाळी सरबत झालं. रस गेला, आणि मला दिलं भिरकावून."

नखुली सावरून बसली.

"सालूताई, सालूताई, ऐक ना.
वास जाईना,
भुरी हलेना,
काकू शेंडी घेईना,
शेंडी घासेना,
घंगाळ सरकेना,
लिंबू मिळेना,
आई जेवेना.
माझ्याबरोबर ये ना."

साल म्हणाली, "येऊन काय करू? उन्हानं कडक झालेय. आत थोडा रस आहे, पण तो बाहेर येत नाही. मीठ लागलं तर पाझरेन. मिठाला सांग."

नखुली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिमूटभर मीठ सांडलं होतं. कुणी पुसलं नव्हतं.

नखुलीला धाप लागली होती. तरी तिनं सगळं सांगितलं.

"मीठमामा, मीठमामा, ऐक ना.
साल पाझरेना,
वास जाईना,
भुरी हलेना,
काकू शेंडी घेईना,
शेंडी घासेना,
घंगाळ सरकेना,
लिंबू मिळेना,
आई जेवेना.
तू तरी चल ना."

आता मीठ काय म्हणणार? आधी साखरेला सांग, म्हणणार? आधी तिखटाला सांग, म्हणणार?

मीठ म्हणालं, "चल."

"चल?" नखुलीनं विचारलं. "आधी कुणाला सांगायचं नाही?"

"कशाला? आपण दोघं आहोत की. घे मला शेपटीवर. सांडू नकोस म्हणजे झालं."

नखुलीनं शेपटी ओली केली. मीठ शेपटीला चिकटलं. नखुली निघाली. आता हळूहळू. तुरु. तुरु. तुरु.

मीठ उतरलं सालीच्या वाटीत.

साल पाझरली. टिप, टिप.

नखुलीनं साल ओढत नेली. सर्र, सर्र. थेट काकूंच्या पायाशी.

"हे बरं आठवलंस," काकू म्हणाल्या. त्यांनी साल उचलली. बोटांना चोळली. नखांना चोळली.

मीठ सालीला लागलं,
साल हाताला लागली,
वास पळाला,
भुरी उठली.

भुरीनं काकूंचा हात हुंगला. "शी, आंबट," म्हणाली, आणि कुंपणावरून गेली शेजाऱ्यांकडे.

काकूंनी शेंडी घेतली,
शेंडीनं घंगाळ घासलं.

तीच साल, तेच मीठ. खसाखसा, खसाखसा. काळं गेलं. लाल लाल तांबं वर आलं. काकूंना त्यात आपलं तोंड दिसलं. नखुलीला आपल्या मिशा दिसल्या.

घंगाळ म्हणालं, "आता कसा दिसतोय?"

"नवरदेवासारखा," नखुली म्हणाली. "आता सरक ना."

आणि घंगाळ सरकलं.

खाली लिंबू. पिवळं पिवळं.

नखुली पुढे झाली. पण काकूंचा हात आधी पोचला. त्यांनी लिंबू उचललं. हुंगलं.

"अगं, हे माझ्या लिंबोणीचं. बांगड्यावर पिळायला झालं."

नखुलीनं मान वर केली. लिंबू काकूंच्या हातात. उंच. फार उंच.

"काय गं?" काकू म्हणाल्या. "मघाशी एवढी बोलत होतीस. आता का गप्प?"

नखुलीनं आठवून पाहिलं. साल पाझरली होती. वास गेला होता. भुरी हलली होती. शेंडीनं घासलं होतं. घंगाळ सरकलं होतं. सांगायला एकच उरलं होतं.

"आई जेवेना," ती म्हणाली.

काकू घरात गेल्या. विळीवर आवाज आला. खच्.

काकू बाहेर आल्या. एका हातात केळीच्या पानाचा तुकडा. पानावर गरम भात. चिमणीच्या घासाएवढा. दुसऱ्या हातात लिंबाची फोड.

नखुली पुढे, काकू मागे. नखुली बिळात शिरली, काकू बिळापाशी वाकल्या. गुडघे कुरकुरले. त्यांनी पान खाली ठेवलं. भातावर लिंबू पिळलं. टिप, टिप, टिप.

बिळातून एक नाक बाहेर आलं. मग दुसरं. एक नखुलीचं, एक आईचं.

आईनं एक शीत खाल्लं.

थांबली.

दुसरं खाल्लं.

मग तिसरं. मग चौथं.

"अजून पिळ गं थोडं," आई म्हणाली. तिचं तोंड भातातच होतं. तिला वाटलं, नखुलीच पिळतेय.

काकूंनी अजून थोडं पिळलं. उरलेली फोड पानाच्या कडेला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आणि निघून गेल्या.