गुळगुळीत पाटा

माझ्याकडं प्रश्न घेऊन आलेला माणूस आजवर रिकाम्या हातानं गेलेला नाही. निदान पाटा तरी घेऊन जातो. तो त्याचाच असतो, ही गोष्ट वेगळी.

मी पाट्याला टाकी लावतो. म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेला दगड छिन्नी-हातोडीनं पुन्हा खरखरीत करून देतो. शाळा तिसरीपर्यंत, दाढी मात्र बेंबीपर्यंत. त्यामुळं बाजाराच्या दिवशी लोक मला काहीबाही विचारतात, आणि मीही ठोकून देतो.

"बाबा, सगळं ठीक असताना कुणी घर सोडून गेलं, तर त्याला वेडं म्हणायचं का?"

विचारणारी पस्तिशीची, बँकेतली. केतकी. नवरा निरंजन पलीकडं गाडीतून पाटा काढत होता.

"ठीक म्हणजे कसं?"

"बारा वर्षांत एकदाही भांडण नाही." हे तिनं जरा तोऱ्यातच सांगितलं. मग आवाज खाली आला. "नागपूरला बदली मिळतेय. सोमवारी हो-नाही कळवायचंय. निरंजनला विचारलं, एकटी जाऊ का? तर म्हणाला, तुला हवं तसं..."

"काल काय जेवलात?"

"अं?"

"जेवलात काय?"

"दुधी. त्याला आवडतो म्हणून. मला वाससुद्धा सहन होत नाही."

निरंजननं पाटा-वरवंटा आणून ठेवला. मी हात फिरवला. आरसाच! माझ्या शिदोरीतल्या लसणाच्या चार पाकळ्या त्यावर टाकल्या.

"वाटा, बाई."

वरवंटा घसरला. पाकळ्या सटकल्या. एक माझ्या दाढीत.

"नवाच घ्यावा लागणार," ती म्हणाली.

मी छिन्नी टेकवली. टक्. कपची उडाली.

"अहो, हळू! चांगला पाटा खराब कराल!" केतकी ओरडली.

टक्. टक्.

"साहेब," मान वर न करता मी विचारलं, "दुधी आवडतो?"

त्यानं बायकोकडं पाहिलं.

"तिकडं नाही. पाट्याकडं बघा."

टक्...

"नाही."

"काय?" केतकी म्हणाली.

"नाही आवडत. कधीच नाही. तुला आवडतो म्हणून खातो."

"मला? बारा वर्षं नाक दाबून करतेय मी तो!"

"मग बोलायचं ना!"

"तू बोलायचंस! परवा नागपूरचं विचारलं, तेव्हाही तेच. तुला हवं तसं!"

"मग काय म्हणू?"

"वाटतं ते म्हण ना एकदा!"

मी हातोडी थांबवली...

"नाही जायचं!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या कांदेवालीचा तराजू हलला.

"नाही जायचं म्हणजे? हुकूम सोडतोस?"

"मग मी येतो तिकडं!"

"आणि खाणार काय?"

"दुधी सोडून काहीही!"

"स्वयंपाक कोण करणार?"

"ते आधी ठरवू!"

"आत्ता ठरवू!"

बोलत बोलत दोघं गाडीकडं निघाली. चारही हात हवेत. पाटा माझ्यापुढं तसाच, अर्धा खरखरीत, अर्धा आरसा.

माझा आजवरचा लौकिक पाण्यात जाताना दिसला. मी ओरडलो, "अहो बाई, पाटा राहिला!"

तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"थांबा हो बाबा, आमचं भांडण चाललंय ना!"