वायूच्या पखाली

पूर्वी अर्गलपुरात दृढवर्मा राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व तेथे एका व्यापारी कुळात जन्मला. नाव धर्मिल. शेजारी शंखिल नावाचा व्यापारी राही. दोघांचा धंदा एकच.

नगराच्या वर, हिमवंताच्या कड्यात एक भेग होती. तिच्यातून जळणारा वायू निघे. उन्हाळ्यात बैलांवर चामड्याच्या पखाली नेऊन तो भरायचा, कोठारात साठवायचा आणि हिवाळ्यात विकायचा. पखालीवर धोंडा ठेवून तिच्या तोंडात खोचलेल्या पोकळ बोरूच्या टोकाला ठिणगी दाखवली की निळी ज्योत उभी राही. त्या थंड मुलखात लाकूड दुर्मिळ. चूल पेटे ती वायूवरच.

एका वर्षी राजाने खालच्या देशातून वेळू आणवून भेगेपासून नगरापर्यंत नळी टाकायला घेतली. नळी अर्ध्या वाटेवर होती आणि वायूचा भाव पडला. नुसत्या बातमीने पडला. गिऱ्हाईक म्हणे, उद्या नळीचा स्वस्त मिळेल, आज कशाला घेऊ? व्यापाऱ्यांनी मिळेल त्या भावात साठा काढला. नव्या पखाली कोणी भरीना. धर्मिल मात्र बैल हाकीत राहिला.

शंखिलाने त्याला भरबाजारात टोकले. "शेठ, नळी येतेय आणि तुम्ही कातडी फुगवताय. पुढे त्यांचे ढोल करणार काय?"

लोक हसले. धर्मिलही हसला.

"नळीने भाव जाईल, शंखिल," तो म्हणाला. "थंडी जाणार नाही."

शरदात नळी पोहोचली. चौकात राजाने तिच्या तोंडाला मशाल लावली. ज्योत राजवाड्याच्या शिखराच्या वर गेली. धूर नाही, राख नाही, नुसता उजेड. राजाला खूश करायला व्यापाऱ्यांनी उरलासुरला साठा त्या उत्सवात जाळला. शंखिलाने आपली शेवटची पखाल स्वतःच्या हाताने पेटवली.

पौषात हिमवंत कोपला. वायूतला ओलावा वेळूच्या पेरापेरात गोठला. चौकातली ज्योत विझली. बर्फामुळे नळी मोकळी करायला वर माणूस पोहोचेना.

शंखिलाच्या घरी तान्ही नात होती. तिचे ओठ निळे पडू लागले. त्याने पेट्या जाळल्या. मग पाळणा जाळला. मग तो धर्मिलाच्या दाराकडे निघाला. ज्याला चारचौघांत हसला, त्याच्यापुढेच हात पसरायचा होता.

धर्मिलाचे कोठार सताड उघडे होते. लोक पखाली नेत होते. शंखिल खाली मान घालून म्हणाला, "नात गारठलीय. मागाल तो भाव देतो. घर लिहून देतो."

"भाव नळीचाच," धर्मिल म्हणाला. "बोलत काय उभा राहिलास? पोरीकडे जा." आणि त्याने स्वतः पखाल उचलून शंखिलाच्या पाठीवर चढवली.

घरी ज्योत लागली. घटकाभराने नात रडली. शंखिल उंबऱ्यात आला. बर्फात गाडलेल्या नगरात घरोघरी निळा उजेड हलत होता. एका माणसाच्या कोठारातून हे सारे नगर श्वास घेत होते. शंखिलाने तिथेच, बर्फात डोके टेकले.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगून त्या जन्मीच्या माणसांचा या जन्मीच्या माणसांशी मेळ दाखवला. "तेव्हाचा राजा दृढवर्मा म्हणजे आनंद. शंखिल म्हणजे समोर बसलेला भिक्षू उपलक. धर्मिल तो मीच होतो."

त्या हिवाळ्यात मागेल तो भाव धर्मिलाला मिळाला असता. त्याने मागितला नाही. याला मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता, म्हणतात.