सुझनीतलं वाकडं फूल

बुखाऱ्याच्या घरांत म्हणे बाग भिंतीवर फुलायची. भिंतभर टांगलेला भरतकामाचा पडदा, त्याला सुझनी म्हणत. दिवा लागला की त्यातली डाळिंबी फुलं झोपेत कूस बदलल्यासारखी दिसत. मुलीचं लग्न ठरलं की नात्यातल्या बायका सुझनीच्या पट्ट्या वाटून घेत, आपापल्या घरी भरत आणि शेवटी जोडत.

निगोरा नावाच्या नवरीची सुझनी लग्नाआधी नगरीच्या राजापुढे, म्हणजे अमीरापुढे, पसरली गेली. अमीराने मधल्या फुलावर काठी टेकवली.

"अर्धं फूल वर, अर्धं खाली! असलं वाकडं काम माझ्या नगरीत चालायचं नाही. चुकलेली बाजू उसव. तोवर लग्न नाही."

निगोराने कात्री काढली.

"उसवते, हुजूर. ही बाजू माझ्या आईने भरलीय, ती होणाऱ्या सासूबाईंनी. कोण चुकलं, तेवढं आपणच त्या दोघींना सांगा."

अमीर तोंड उघडणार, इतक्यात जाळीच्या पडद्यामागची कुजबुज थांबली. तिथे त्याची आई आणि बेगम बसल्या होत्या. दोघीही उत्तर ऐकायला पुढे झुकल्या.

अमीराने काठी हळूच मागे घेतली.

"वाऱ्याने हललंय," तो म्हणाला. "फूल आहे, हलणारच. लग्न लावा."