द्वारकेच्या खापरातला विस्तव

दिवेलागणीच्या वेळी हिवरधार गावात ओढ्याचे पाणी शिरले आणि घरोघरच्या चुली विझल्या. भिवानाथ महाराज तेव्हा गावाबाहेरच्या टेकाडावर, आपल्या मठीत होते. माणसे तिथे जमली. चकमकीचा कापूस भिजला होता. गावात पेटलेले असे काहीच उरले नव्हते.

गर्दीत द्वारका परटीण होती. पदराआड तिने विस्तवाचे खापर आणले होते, पण वाटेत पावसाने त्यातल्या राखेचा चिखल झाला होता.

या खापराची गावात थट्टा होई. आदल्या हिवाळ्यात नवरा तापाने कुडकुडत असताना ती सखोपंतांच्या दारी विस्तव मागायला गेली होती. दिवे लागल्यावर विस्तव घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते, असे सांगून पंतांनी तिला परत पाठवले. नवऱ्याने पहाट पाहिली नाही. तेव्हापासून द्वारकेने आपला विस्तव विझू दिला नाही, आणि कोणत्याही वेळी दारी आलेल्याला नाही म्हटले नाही. रोज सकाळी राख सारून निखारा दिसला की ती हात जोडून म्हणे, "आलास, बरं झालं." पंत पारावर बसून म्हणत, "परटिणीनं विस्तवाची पाणपोई घातली आहे."

त्याच पंतांची सून त्या संध्याकाळी माडीवर बाळंत झाली. बाळ गारठून निळे पडले, रडेना. पंत सुक्या कोळशांची शेगडी डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यातून मठीत आले. द्वारकेला पाहून त्यांचे पाय थांबले.

तिने खापर पुढे केले. "विझलाय, पंत. असता तर दिला असता."

महाराज म्हणाले, "द्वारके, रोज त्याला काय म्हणतेस? तेच म्हण."

द्वारकेने हात जोडले, रोजचेच शब्द उच्चारले आणि काडीने चिखल सारला. खाली निखारा लाल होता!

एकच होता. तिने तो शेगडीत ठेवला. सवयीने पंतांच्याच तोंडून निघाले, "पण दिवेलागण झाली..."

"गावात दिवा लागलाय कुठे, पंत?" महाराज हसून म्हणाले. "न्या लवकर."

थोड्या वेळाने माडीवरचे बाळाचे रडणे टेकाडापर्यंत ऐकू आले.

सकाळी पाणी ओसरले. साऱ्या गावाने पंतांच्या शेगडीतून विस्तव नेला. पंत महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला आले, तेव्हा महाराज एवढेच म्हणाले, "द्वारकेची चूल अजून थंड आहे."

पंत निखारे घेऊन तिच्या दारी गेले. ते उंबऱ्याशी ठेवून, पागोटे काढून वाकले. "त्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी..." द्वारकेने निखाऱ्यांना हात जोडले आणि चूल पेटवली.

पंतांना तिने काय उत्तर दिले, हे गावात कोणाला माहीत नाही. त्या चुलीवर बाळाची दुपटी धुवायला पाणी तापत होते, एवढे लोकांनी पाहिले.