चुकांची गजी

ठोंबरेवाडीच्या बिरोबाच्या जत्रेत गजीनाच बघताना नवख्या पाहुण्याला हसू आवरत नाही. ढोल घुमतो, झांजा लागतात, पांढऱ्या अंगरख्यातले गडी रुमालाला रुमाल धरून देवळापुढच्या मोठ्या खडकाभोवती झोकात फिरू लागतात, आणि ऐन रंगात सगळेच्या सगळे धपकन बुडावर बसतात. म्हातारेकोतारेसुद्धा. लगेच चटका बसल्यासारखे उठतात आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा नाचू लागतात. पाहुणा हसला की देवळाचे पुजारी जकाप्पा तात्या त्याला पायरीवर शेजारी बसवून घेतात. हसा म्हणतात, पण आधी मायाप्पाची गोष्ट ऐका.

फार जुन्या काळी मायाप्पा ठोंबरे या गजीचा म्होरक्या होता, असे सांगतात. त्याच्यासारखा नाचणारा पंचक्रोशीत नव्हता आणि त्याच्यासारखा तोंडाळही नव्हता. कुणाचा पाय चुकला की तो ढोल थांबवायचा, चुकणाऱ्याचं नाव घ्यायचा, मग त्याच्या बापाचं घ्यायचा, आणि बाप तरी कुठं धड नाचत होता हे साऱ्या गावाला सांगायचा. नवी पोरं हौसेने यायची, एक संध्याकाळ टिकायची आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन लांबच्या रानात निघून जायची. मायाप्पा म्हणायचा, हल्लीच्या पोरांत दमच नाही.

पण बिरोबाला नवस होता. मायाप्पाच्या आज्याने पटकीच्या साथीत तो बोलला होता, म्हणे. जत्रेदिवशी गड्यांनी खडकाला पुरतं वेढून नाचायचं. वेढा तुटला तर ढोल देवापुढे ठेवायचा, तो कायमचा. आता खडक काही आकसत नव्हता, गडी मात्र दरसाल कमी होत होते. मायाप्पाने रुमाल लांब करून पाहिले. ते वाढत वाढत पटक्याएवढे झाले, तरी वेढा पुरेना. वाडवडिलांचा ढोल आपल्या हातून खाली ठेवला जाणार, या विचाराने त्याला भाकर गोड लागेना.

मग त्याने बोकड कापला. खडकाला दोन वेढे पडावेत इतकी माणसं आली. रस्सा ओरपून, ढेकर देऊन घरी गेली.

त्याची बायको बाळाई म्हणाली, "अवो, माणसं आणाय बोकड पुरतंय, टिकवाय त्वांड लागतंय. आन् तुमचं त्वांड म्हंजे बाभळीचं काटेरी फांजर!"

जत्रा उजाडली आणि वेढ्याला एक गडी कमी पडला. गावात उरला होता फक्त त्यांचा घरजावई धुळा. अंगाने आडवा, स्वभावाने गाय. पायांत डावं-उजवं असतं हे त्याला बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं. सासऱ्याने पूर्वी एकदा त्याला असं झापलं होतं, की ढोल ऐकला की तो कणगीमागे लपायचा. बाळाईने त्याला तिथून ओढून आणला. पण आधी नवऱ्यापुढे भंडाऱ्याचं ताट धरलं. "उचला भंडारा. गजी सपंस्तवर ढोल थांबवणार न्हाई आन् तोंडातनं सबूद काढणार न्हाई, म्हणा."

मायाप्पाने भंडारा उचलला. दुसरा इलाजच नव्हता.

गजी सुरू झाली. धुळा मायाप्पाच्या मागेच होता. वळणावर सगळे उजवीकडे गेले, धुळा डावीकडे गेला, स्वतःच्याच पायात अडकला आणि धपकन बसला. रुमाल ताणले गेले. आता सुटणार, वेढा तुटणार! मायाप्पाच्या ओठांवर धुळाच्या बापाचं नाव आलं, पण भंडाऱ्याची आण. ओरडता येईना, ढोल थांबवता येईना. रुमाल सुटू नये म्हणून त्याला एकच गोष्ट करता येत होती. तो बसला. म्होरक्या बसला म्हणून सगळे बसले. सासरा शेजारी बसलेला पाहून धुळा घाबरून टुणकन उठला. सगळे टुणकन उठले. लोकांना वाटलं, नवी चाल काढली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर उठला, आणि वेढा शाबूत राहिला.

गजी संपल्यावर गडी धुळाभोवती जमले आणि ती चाल कशी ते विचारू लागले. जन्मात पहिल्यांदाच त्याला कुणी काही विचारत होतं. पुढच्या तालमीला तो सगळ्यांच्या आधी हजर. मायाप्पा बसला, तसा धुळाने ढोल थांबवला.

"मामा, चुकलं. बूड आधी, हात मागनं."

मायाप्पाने तोंड उघडलं, बाळाई खाकरली, आणि मायाप्पा पुन्हा नीट बसला.

तेव्हापासून रीत पडली, की नवख्याची पहिली चूक सगळ्यांनी जशीच्या तशी उचलायची आणि तिला त्याचंच नाव द्यायचं. खंडूची ठेच आली, तायाप्पाची शिंक आली. चूक ज्याची, ती शिकवायचा मानही त्याचाच, म्हणून जो तो दरसाल हटकून यायचा. आपलं नाव लागावं म्हणून पोरं रानातून परतली. रुमाल पुन्हा वीतभर झाले.

फक्त मायाप्पाच्या नावाची चाल नव्हती, कारण तो कधी चुकलाच नव्हता. हे त्याला फार लागलं. एकदा त्याने मुद्दाम अडखळून पाहिलं. धुळा मान हलवून म्हणाला, "मामा, ही चूक न्हाई. ह्यो नाच झाला."

वर्षं गेली. एका जत्रेत, खडकाच्या मागच्या चढावर, म्हाताऱ्या मायाप्पाला धाप लागली. पाऊल उचलेना. त्याने पुढे नाचणाऱ्या धुळाच्या खांद्यावर हात टेकला आणि तो उभाच राहिला. लाजेने मान खाली घातली. ढोल वाजतच होता. थोड्या वेळाने त्याने वळून पाहिलं, तर अख्खं रिंगण थांबलं होतं आणि प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर होता. मायाप्पाच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"आरं," तो म्हणाला, "माझी बी घेतली व्हय?"

आजही खडकामागच्या चढावर गजी थांबते, प्रत्येक जण पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि ढोल एकटाच वाजत राहतो. त्याला मायाप्पाचा इसावा म्हणतात. पहिल्यांदाच नाचायला आलेलं, धापा टाकणारं पोर तेवढ्यात दम खाऊन घेतं, आणि पळून न जाता पुढचा फेरा धरतं.