राजाचा गुडघा आणि रोशाचं तेल

एक होता राजा, आणि एक होता त्याचा गुडघा. दोघांचं मुळीच पटत नव्हतं. हसू नकोस रे बंड्या, गोष्ट सुरू झाली आहे. पांघरूण घ्या बघू नीट.

तर राजाचं नाव उधाणसिंग. डोंगरातलं राज्य, चहूकडे रोशाचं सुवासिक गवत. राजाला नाचायची भारी हौस. दसऱ्याला ढोल वाजला की पहिलं पाऊल राजाचं, असा तिथला रिवाज. त्यानं पाऊल टाकलं की सगळ्यांनी नाचायचं, आणि तो बसल्याशिवाय कुणी खाली टेकायचं नाही. आणि हा कसला बसतोय! सकाळी सुरू झाला की दिवेलागणीपर्यंत गिरक्या.

मग एका वर्षी काय झालं, दसरा चार दिवसांवर आला आणि राजाचा उजवा गुडघा धरला. टम्म सुजला. पाऊल टेकवेना. आणि बरं का, तो गुडघा चक्क बोलायला लागला.

"इतकी वर्षं नाचवलंस," गुडघा म्हणाला, "एकदा तरी मला विचारलंस?"

राजा घाबरला. गुडघा बोलला म्हणून नाही हं. त्याचं पाऊल पडलं नाही तर यंदा कुणालाच नाचता येणार नव्हतं, म्हणून. पोरींनी घुंगरू घासूनपुसून ठेवले होते, ढोलांना नवं कातडं चढलं होतं. राजाला रडूच आलं.

मग प्रधानानं सांगितलं, ओढ्याकाठी जेमलीबाई म्हणून म्हातारी आहे, ती रोशाचं तेल काढते, दुखण्यावर फार गुणाचं. राजा पालखीत बसून निघाला.

जेमलीबाईची भट्टी म्हणजे एक मोठं तांब्याचं भांडं. त्यात पाणी आणि फुलावर आलेलं गवत ठासून भरलेलं. वर घट्ट झाकण. झाकणातून बांबूची नळी निघायची, ती थेट ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या घड्यात. खाली मंद जाळ. वाफ नळीतून जायची, घड्यात गार व्हायची, आणि पाण्यावर तेल तरंगायचं.

"दिवसभर लागेल, बाबा," म्हातारी म्हणाली. "तू नुसता बस."

आता बसणं राजाला कुठलं माहीत! पहिल्या दिवशी त्यानं फुंकणी घेतली आणि जाळ केला हा एवढा मोठा. गवत करपलं, तेलाला जळका वास. गेलं फुकट.

दुसऱ्या दिवशी त्यानं झाकण उचलून आत डोकावून पाहिलं. भस्सकन वाफ बाहेर! गुलाबासारखा वास सुटला. भोयांच्या खांद्यांचा ठणका पळाला. ओढ्यातली लंगडी म्हैस उड्या मारत पलीकडे गेली. राजाचा गुडघा मात्र शालीत गुंडाळलेला, त्याला काहीच मिळालं नाही. आणि घड्यात थेंब नाही.

मग तिसऱ्या दिवशी राजा हात काखेत दाबून बसून राहिला. संध्याकाळी पिवळसर तेल तरंगलं. जेमलीबाई तिळाचं तेल आणायला आत गेली, तेवढ्यात यानं ते तसंच गुडघ्यावर ओतलं. आग आग झाली! राजा एका पायावर ओढ्यात.

"अरे, आधी विचार तरी!" गुडघा ओरडला.

जेमलीबाई पोट धरून हसली. मग तिनं कोमट तिळाच्या तेलात चार थेंब टाकले आणि हळूहळू चोळलं.

"हं," गुडघा म्हणाला. "जरा डावीकडे. बस्स, तिथंच."

तेव्हा राजानं जन्मात पहिल्यांदा विचारलं, "उद्या नाचशील का रे?"

"तीन फेर," गुडघा म्हणाला. "मग बसायचं."

झालं! दसरा उजाडला. ढोल वाजला. एक फेर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. ढोल नुकता रंगात आलेला. राजाचं मन काही निघेना. पण गुडघा म्हणाला, "बस." आणि राजा बसला.

त्याबरोबर अख्खं राज्य धपकन खाली बसलं. आणि बरं का, चहूकडून बारीक बारीक आवाज यायला लागले. "इतकी वर्षं नाचवलंस!" "एकदा तरी विचारलंस?" सगळ्यांचे गुडघे बोलत होते! आचाऱ्याचे, प्रधानाचे, ढोलवाल्याचेसुद्धा.

"बाई, तुझेही?" राजानं शेजारी बसलेल्या जेमलीबाईला विचारलं.

"माझे तर सगळ्यांत आधी गेले, बाबा," जेमलीबाई म्हणाली. "म्हणून तर हे तेल काढायला बसले मी."

राजाला फार वाईट वाटलं. त्यानं कोमट तिळाचं तेल मागवलं, मोजून चार थेंब टाकले आणि जेमलीबाईचे गुडघे आपल्या हातानं चोळले.

"जरा डावीकडे," तिचा गुडघा म्हणाला.

तेव्हापासून त्या राज्यात ज्याला नाचायचं तो नाचतो, ज्याला बसायचं तो बसतो. थंडीत राजाचा गुडघा अजून कुरकुरतो, मग राजा त्याचं ऐकतो. सगळे मजेत आहेत, म्हैससुद्धा.

आता तुमचे डोळे काय म्हणताहेत, ते विचारा बरं त्यांना. मिटायचं म्हणताहेत ना? मग मिटा. आणि बंड्या, तू सकाळी उठलास ना, की आजीच्या गुडघ्यांनाही एकदा विचार हो.