घंटेतलं गवत

श्टेलीबोडन गावाच्या वरच्या अंगाला, चर्चच्या मागे, एक सोपी पायवाट सुरू होते. तिच्या तोंडाशी लाकडाचा खांब आहे आणि त्यावर घंटा टांगलेल्या आहेत. तिकडच्या गाईंच्या गळ्यात असतात तशाच, पण लहान. फिरायला आलेल्या कोणीही एक घ्यावी आणि संध्याकाळी परत आणून ठेवावी. कुलूप नाही, राखणदार नाही. मात्र निघण्याआधी बरोबरच्या प्रत्येकाने घंटेत बोट घालून आत चाचपून बघायचं, आणि मग ती आपल्यातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या गळ्यात बांधायची. तो पुढे, बाकीचे मागे. घंटेला ओलांडायचं नाही.

ही वाट आमच्या बेतात नव्हती. आमची मुलगी मृण्मयी तिकडे परदेशात नोकरीला आहे. तिने आम्हा दोघांना चार दिवस डोंगरात आणलं होतं आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ती सोप्या फेऱ्या आखत बसली होती. तळ्यापर्यंतची एक, धबधब्यापर्यंतची एक, केबलकारने वर जाऊन चालत खाली यायची एक. प्रत्येक फेरीला हे म्हणत, "ही जमेल," आणि मी आपली गुडघ्यावरून हात फिरवत बसे.

"आई, यातली सगळ्यात सोपी कुठली वाटते तुला?"

"या खुर्चीपासून त्या खिडकीपर्यंतची," मी म्हटलं.

हे हसले. "राहू दे गं तिला. तिच्यासाठी थांबत बसलो तर तळं आटेल. आपण दोघं जाऊन येऊ, तोवर तिचं स्तोत्र होईल."

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंचे वडील, आल्बान, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जर्दाळू फोडून बिया काढत होते. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण हात स्थिर. बाबा काय म्हणाले, असं त्यांनी मृण्मयीला विचारलं. तिने संकोचत सांगितलं. म्हाताऱ्याने चाकू खाली ठेवला.

"यांना उद्या घंटेच्या वाटेने न्या," ते म्हणाले. "पण आधी तिची गोष्ट ऐका. गोष्ट ऐकल्याशिवाय घंटा घेऊ नये, असं आम्ही मानतो."

मृण्मयी वाक्यावाक्याचं मराठी करत गेली. मला जसं उमगलं तसं लिहिते.

फार जुन्या काळी या गावाला वरच्या कुरणात जायला एकच वाट होती म्हणे. दरीच्या कडेने, भिंतीसारखी उभी. तिला शिडी म्हणत. उन्हाळा लागला की सगळं गाव गाई घेऊन वर जाई आणि थंडीची चाहूल लागली की एकाच दिवशी सगळे खाली उतरत. त्यानंतर वर राहिलेलं जनावर मेलंच असं धरायचं. माणूसही.

गावात योडोक नावाचा गुराखी होता. म्होरक्या गाईला तो धरून चाले, म्हणून उतरणाऱ्या रांगेत तो पहिला. त्याची बायको क्रेसेंत्सिया पलीकडच्या खोऱ्यातली. तिचा एक पाय जन्मापासून आखूड. योडोकने तिला आवडीने आणलं होतं, पण त्याची आई बार्बला हिला ते कधी पचलं नाही. "पोराला बायको आणायला धाडलं, तर तीन पायांचं स्टूल घेऊन आला," असं ती पाणवठ्यावर म्हणे, आणि बायका खुदुखुदु हसत.

क्रेसेंत्सिया मनाला लावून घेत नसे. कुरणाच्या वर खडकात मारियामाउलीचा कोनाडा होता. तिथे दर शनिवारी दिवा लावायचा तिचा नेम. लंगडत जाई, दोनदा बसे, पण नेम चुकवला नाही. मागणं एकच, मला सगळ्यांबरोबर चालता येऊ दे.

एका वर्षी उतरताना ती फार मागे राहिली. तेव्हा बार्बलाने वासराच्या गळ्यातली घंटा सोडून सुनेच्या गळ्यात बांधली. "गाय रेंगाळली की कळतं, मग ही रेंगाळली की कळायला नको?" त्या दिवसापासून पोरं तिच्यामागे हंबरत फिरू लागली. मोठी माणसं त्यांना रागावत नसत. पण योडोकला त्या घंटेचा आधार झाला. उतरताना तो कान देई. आवाज लांब पडला की गाय धरून उभा राही. तो थांबला की सगळं गाव थांबे, कारण शिडीवर एकाला ओलांडून दुसऱ्याला जाता येत नसे. लोक चडफडत. घंटा जवळ आली की रांग पुन्हा हले.

मग एक असं वर्ष आलं की हिवाळा अवचित येऊन ठेपला. सकाळी उठून बघतात तो समोरचा डोंगर दिसेना. कुरणावर एकच धांदल उडाली. बायका झोपड्यांसमोर बोचकी बांधत होत्या.

"आज तिच्यासाठी थांबलो तर आपलीही पोरं गोठतील."

"लांबून घंटा ऐकू आली की योडोक थांबणारच."

"गळ्यात घंटा आहे. ती वाजलीच पाहिजे असं कुठंय?"

हे शेवटचं बार्बला बोलली, असं सांगतात.

क्रेसेंत्सिया निरोपाचा दिवा लावायला कोनाड्याकडे गेली होती. माउलीसमोर गुरासारखं उभं राहायला नको म्हणून घंटा ती झोपडीच्या दाराच्या खुंटीला अडकवून जाई. बार्बलाने ती खाली काढली, मूठभर गवत पिळून तिच्या आत हलून वाजणाऱ्या लोळीभोवती घट्ट गुंडाळलं आणि घंटा हातात धरून उभी राहिली. "मी एकटीनेच का?" ती म्हणाली. तेव्हा घराघरातली बाई पुढे झाली. एप्रनला हात पुसून प्रत्येकीने चिमूटभर गवत घेतलं, घंटेत खोचलं आणि मागे सरली. पाप एकीवर येऊ नये म्हणून सगळ्यांनी वाटून घेतलं.

हे ऐकताना मला आपल्याकडची ओटी भरायची रीत आठवली. तशाच एकामागून एक बायका, तशीच चिमूट.

क्रेसेंत्सिया दिवा लावून परत आली. पुन्हा खुंटीला लावून ठेवलेली घंटा काढली तर ती वाजेना. तिने उलटी करून बघितली, आतलं गवत बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला म्हणे. तिला वाटलं, आज पोरांनी हसू नये म्हणून सासूबाईंनीच घंटा मुकी केली. तिने बार्बलाचा हात घेऊन कपाळाला लावला.

"आई, देव तुमचं कल्याण करो. आज मला माणसासारखं उतरता येईल."

बार्बलाने हात सोडवून घेतला. "चल, उशीर होतोय," एवढंच म्हणाली.

गाव उतरू लागलं. पहिल्या वळणावर बर्फ सुरू झाला. दुसऱ्या वळणावर योडोकने गाय थांबवली आणि मागच्या माणसाला विचारलं, "घंटा ऐकू येते का?" त्याने त्याच्या मागच्याला विचारलं. प्रश्न हातोहात वर गेला, पार शेवटच्या बायकांपर्यंत. तिथून उत्तर निघालं, "ऐकू येते." ते एकेका तोंडातून खाली आलं. मधल्या कित्येकांना काही माहीतही नव्हतं. मागून आलं ते त्यांनी पुढे दिलं. पुढच्या वळणावर योडोकने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "ऐकू येते." वारा होता, गाई हंबरत होत्या. आपल्यालाच ऐकू येत नसेल असं समजून तो चालत राहिला.

खाली पोचल्यावर एकेक घर आपापल्या दारात शिरलं. योडोक चौकात उभा राहिला. रांग सरत आली. सगळ्यात शेवटी त्याची आई आली आणि तिच्यामागे नुसता बर्फ होता.

तो वर धावला तेव्हा पुरुषांनी त्याला धरून आणलं आणि गोठ्यात कोंडलं. बरोबर जायला कोणी निघालं नाही. सकाळपर्यंत शिडी बर्फाखाली बुजली होती.

सगळा हिवाळा बार्बलाने मुलासाठी ताट वाढलं आणि त्याने ते सरकवलं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी डोंगराकडे होती. ती रोज तिथे उभी राहून रांधे.

वसंतात बर्फ वितळू लागला, तेव्हा डोंगराच्या अंगावर एक नवल दिसलं. सगळीकडे करपलेलं, पिवळं गवत, आणि त्यात हिरव्यागार ठिपक्यांची एक ओळ. ती शिडीवरून उतरत नव्हती. कुरणापासून निघून डोंगराला वळसा घालत, सपाट कडेकडेने, लांबून येत होती. लांब पडते म्हणून त्या कडेकडे कोणी कधी बघितलंच नव्हतं. योडोक ठिपक्यांच्या मागे निघाला. त्याला फार जावं लागलं नाही. ओळीचं खालचं टोक चर्चच्या वर, शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथे क्रेसेंत्सिया निजल्यासारखी पडली होती. समोर बार्बलाची खिडकी.

मग काय झालं असावं ते सगळ्यांना कळलं. शिडीच्या पायऱ्या बुजलेल्या पाहून आखूड पायाला झेपेल अशी वाट ती शोधत गेली होती. मागे राहिल्याचं कळल्यावर हाका मारल्या असतील, त्या वाऱ्यात विरल्या, म्हणून घंटा वाजवायला बघितली. थांबून थांबून, गारठलेल्या बोटांनी एकेक चिमूट उपसत आली. जिथे थांबली तिथे गवताचं बी सांडलं, आणि ते उगवलं. गावातल्या सगळ्या बायकांचं गवत तिने काढलं होतं. लोळीभोवतीची पहिली मूठ तेवढी निघाली नव्हती. ती निघती, तर गावातल्या प्रत्येक चुलीपाशी घंटा ऐकू आली असती.

योडोकने ती मूठ चाकूने कापून काढली आणि घंटा हलवली. माणसं दारात आली. बार्बला खिडकीत आली.

"घंटा ऐकू येते का?" त्याने विचारलं.

"ऐकू येते," ती म्हणाली.

त्यानंतर तो आईशी एक शब्द बोलला नाही. त्या वर्षी गाव शिडीने वर गेलं नाही. हिरव्या ठिपक्यांवरून त्यांनी वाट पाडली आणि योडोकने रीत घालून दिली की सगळ्यात हळू असेल तो पुढे, घंटा त्याच्या गळ्यात, आणि तिला कोणी ओलांडायचं नाही. काही वर्षांनी बार्बला म्हातारी झाली, सगळ्यांत हळू झाली. घंटा तिच्या गळ्यात आली. दर खेपेला निघण्याआधी योडोक सगळ्यांदेखत तीत बोट घालून आत गवत नाही ना ते बघे, मग स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात बांधे आणि वाटभर तिच्यामागून मुकाट चाले. तिने वळून बघितलं तर तो दरीकडे बघे. आल्बान म्हणाले, तिला दरीत लोटून दिलं असतं तर दया झाली असती, असं त्यांची आजी म्हणायची.

मला राहवलं नाही. मी मृण्मयीला विचारायला लावलं, "बार्बला गेली तेव्हा घंटा तिच्याबरोबर पुरली का?"

"नाही," आल्बान म्हणाले आणि चाकू पुन्हा हातात घेतला. "तोवर दुसरं कोणीतरी हळू झालं होतं."

क्रेसेंत्सियाचं मागणं पुरं झालं, असं मला वाटतं. आता सगळे तिच्याबरोबरच चालतात. माउली ऐकते, पण माणसं मधे उभी असतात. क्रेसेंत्सियासारखी कोणाचीही घंटा मुकी होऊ नये, एवढंच मी त्या रात्री देवापाशी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खांबापाशी गेलो. मृण्मयीने घंटेत बोट घातलं. मग ह्यांनी घातलं, आणि पुष्कळ वेळ आत फिरवलं. नंतर माझ्या गळ्यात घंटा बांधली, नाडी मंगळसूत्रात अडकणार नाही अशी. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या पाठीकडे बघत चाललेय. पुढे कोणी नसलं की वाट कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. सवयीने मी थांबून मागे बघे.

"आहोत गं, आहोत," हे म्हणत. "तू चाल."

आजही परतीची वाट जिथे संपते, चर्चच्या वर, तिथे एक सपाट दगड आहे. घंटा ज्याच्या गळ्यात असेल त्याने तिथे उभं राहायचं आणि गावातून उत्तर येईपर्यंत ती वाजवायची. उत्तर आल्याशिवाय खाली उतरायचं नाही. परतताना मी तिथे उभी राहिले आणि वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग खालच्या एका घराची खिडकी उघडली आणि पिठाचे हात तसेच वर करून एका बाईने मोठ्याने काहीतरी सांगितलं. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

मृण्मयी त्याचं मराठी करायला लागली. मी तिला हाताने थांबवलं.